परतीचा टाका

"परत यायचं नाही," काकू म्हणाल्या. "जायचं फक्त. टोकाला पोचलीस की सुई काढून घे."

"आणि दोरा?"

"दोरा लोंबू दे."

गॅलरीत दुपारचं ऊन तिरकं आलं होतं. माझ्या मांडीवर काळ्या कापडाचा एक पट्टा होता आणि हातात पांढरा दोरा ओवलेली सुई. चार धागे मोजायचे, सुई खाली घालायची. चार धागे मोजायचे, सुई वर काढायची. कापडावर एक तुटक रेघ उमटत चालली होती. डांबरी रस्त्याच्या मधोमध आखतात तशी.

या टाक्याला गवंती म्हणतात. जाताना तुटक रेघ घालत जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. तेव्हा कुठे रेघ पूर्ण होते, आणि कापडाची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. हे मला काकूंनीच पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. आणि आता त्याच म्हणत होत्या, परत यायचं नाही.

"मग हे अर्धंच राहणार, काकू."

"राहू दे की."

"कधीपर्यंत?"

"तुला लई घाई. दूध गॅसवर ठेवून आलीयास, ते बघ आधी."

मी उठले. दूध उतू गेलेलं होतंच.

त्या वर्षी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत मोकळी होते. मोकळी मुलगी घरात असली की ती कुठेतरी पाठवली जातेच. मला आईनं गडहिंग्लजला मोठ्या बहिणीकडे, वैजयंतीकडे पाठवलं. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले ती दिवाळी उलटून संक्रांत आली तरी तिथेच होते.

वैजूला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं होतं, दुसऱ्या खेपेला सातव्या. या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता आणि पडून राहायला सांगितलं होतं. न्हाणीघरापर्यंत जायची परवानगी होती, त्यापलीकडे नाही. तिच्या खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावल्या होत्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. खोलीत गेलं की सगळी खोलीच कलल्यासारखी वाटायची.

"या घरात सगळं टाक्यावर चाललंय," वैजू म्हणायची. "मी एका टाक्यावर, घर तुझ्यावर."

तिचे यजमान, बसूभाऊजी, साखर कारखान्यात होते. हंगाम जोरात होता. शिफ्ट संपवून यायचे, जेवायचे, वैजूच्या उशाशी दहा मिनिटं बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे. त्यांच्या कपड्यांना मळीचा वास यायचा. तो कितीही धुतलं तरी जायचा नाही. धुणारी मी होते, म्हणून सांगते.

घरातली चौथी व्यक्ती म्हणजे काकू, वैजूच्या सासूबाई, गिरिजाबाई हत्तरकी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया करायची होती, पण हंगाम संपल्यावर. त्या घरात सगळंच हंगाम संपल्यावर होतं. रंग हंगाम संपल्यावर, नळाची दुरुस्ती हंगाम संपल्यावर. वैजूचे दिवसही हंगाम संपतानाच भरत होते. पण तसं कोणी म्हणत नसे. "बाळ" हा शब्दच त्या घरात कोणी उच्चारत नसे. भाऊजी "सगळं नीट झालं की" म्हणायचे. काकू "ते" म्हणायच्या. डॉक्टरीणबाईसुद्धा "वाढ चांगली आहे" एवढंच म्हणायच्या, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. पहिल्या आठवड्यात मी एकदा तो शब्द बोलून गेले. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त हातातली भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली. मी शिकले.

पाणी सकाळी यायचं आणि खालून वर आणावं लागायचं. मग स्वयंपाक, वैजूचं अंग पुसणं, तिच्या पाठीला पावडर, गोळ्या, धुणं, पुन्हा स्वयंपाक. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बारा-बारा तास उभी राहिले होते, पण तो थकवा वेगळा. तिथे दिवसाच्या शेवटी एक आकडा तरी हातात यायचा. इथे दिवस जसा यायचा तसाच जायचा, आणि तो तसाच जावा अशीच सगळ्यांची इच्छा होती.

"पडून पडून मी दमते," वैजू म्हणाली एकदा, "आणि उभी राहून राहून तू. बसलेलं असं घरात कोणी नाहीच."

बसलेल्या काकू होत्या. दुपारी, सगळं आवरलं की त्या गॅलरीत भिंतीला पाठ टेकून बसायच्या, आणि तिथेच एके दिवशी त्यांनी मला हाक मारली होती.

"ऊर्मिला, जरा सुई ओवून दे गं."

मी ओवून दिली. थोड्या वेळानं पुन्हा हाक. "हे धागे मोज बघू. चार हायत का पाच?"

पाच होते.

"मग मघापासनं चुकालंय," त्या म्हणाल्या आणि कापड मांडीवर ठेवून डोळे चोळले. "साय धरल्यागत दिसतंय बघ. पांढऱ्यावर तरी कळलं असतं. हे काळं."

कापड जुनं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा. माहेरहून आलेली.

"तुम्ही ती फाडलीत?"

"पदर विरला होता. आणि जुनं कापड चांगलं असतंय."

"कशासाठी आहे हे?"

"तुकड्याला कशासाठी असावं लागतंय? हात चालता राहावा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सुई त्यांनी माझ्याच हातात दिली. "तुझे डोळे, माझं डोकं," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी अट घातली, वैजूला यातलं काही सांगायचं नाही.

"का?"

"उगं मन लावून बसंल."

कशात मन लावून बसेल, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, लपवून ठेवायला काहीतरी हवं असतं. कापड त्या शेंगदाण्याच्या डब्यामागे ठेवायच्या आणि घेताना प्रत्येक वेळी डबा खडखडायचा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

मला तो टाका आवडायला लागला हे खरं आहे. माझा स्वभाव मोजण्याचा. काळ्या कापडावर धागे मोजताना दुसरं काही डोक्यात राहत नसे. पुढची तपासणी, मागचे अनुभव, माझा लांबलेला निर्णय, काहीच नाही. काकू डोळे मिटून बसायच्या आणि तोंडानं नमुना सांगायच्या. "वर तीन. आता तिरकं दोन. आता माघारी नको बघूस, फांदी फुटंल तिकडं जा." मी चुकले की त्यांना न बघता कळायचं. माझा श्वास थांबतो म्हणायच्या.

मोर झाले, वृंदावन झालं, एक हत्ती झाला. सगळे अर्धे. सगळ्यांच्या अंगावर तुटक रेघा आणि उलट्या बाजूला दोऱ्यांची शेपटं. प्रत्येक शेपूट परतीच्या वाटेला पुरेल एवढं लांब ठेवायचं. तेही काकू वीत लावून बघायच्या.

"दोरा सुटून जाऊ नये म्हणून सुरुवातीला गाठ मारू का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गाठ नाही मारायची. कधीच नाही. टोक टाक्याखाली दडवायचं. उलटी बाजू हात फिरवला तर गुळगुळीत लागली पायजे."

मग एकदा माझ्या लक्षात आलं की पट्ट्याच्या निम्म्या भागातले मोर डोक्यावर उभे आहेत. मधोमध एक ओळ मोकळी होती. तिच्या अलीकडचे मोर एका दिशेनं, पलीकडचे बरोबर उलटे.

"काकू, हे मोर उलटे झालेत. मी चुकले वाटतं."

"चुकली नाहीस. तू एकीकडनंच बघालीस."

मी पट्टा फिरवून पाहिला. आता दुसरे निम्मे उलटे झाले. मनात नोंद राहिली, प्रयोगात एखादं वाचन बसत नाही तशी.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. काकू म्हणायच्या, गवंती कुठूनही सुरू करायची नाही. त्यांच्या सासूनं एकदा गोपुर मधूनच सुरू केलं आणि दोरा कळसाला जाऊन अडकला. "परत यायला वाटच राहिली नाही. आख्खं उसवलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत त्या."

"असं होणार नाही," मी म्हटलं.

"तू बघितलंयस?"

पाहिलं नव्हतं, म्हणून आलेखाच्या कागदावर मांडून बघितलं. गोपुर काढलं. मुद्दाम मधून सुरुवात केली. अडकले. पुन्हा केली. संध्याकाळी वैजूच्या खोलीत भाजी निवडता निवडता मी तेच करत होते.

"काय कोडं सोडवतेस?" वैजूनं खाटेवरून विचारलं.

कापडाचं सांगायचं नव्हतं. कागदाचं सांगायला हरकत नव्हती. मी म्हटलं, "हे चित्र एका दोऱ्यानं काढायचं. एक टप्पा दिसणारा, एक न दिसणारा. मग त्याच दोऱ्यानं न दिसलेले टप्पे भरत जिथून निघालो तिथे यायचं. अडकायचं नाही."

"दे इकडं. पेन पण दे."

तिला कितीतरी दिवसांनी काहीतरी हवं होतं. उताण्या माणसाला बॉलपेननं लिहिता येत नाही, शाई उतरत नाही. मी पेन्सिल दिली. ती कुशीवर वळली. आम्ही दोघी तासभर त्या गोपुरात हिंडलो. भाजी तशीच राहिली.

उत्तर शेवटी साधं निघालं. फांदी आली की आधी ती टोकापर्यंत जाऊन, परत येऊन संपवायची आणि मग पुढे सरकायचं. एवढं पाळलं तर सुरुवात कुठूनही करा, दोरा घरी येतोच. का येतो तेही मला मांडता आलं.

"म्हणजे वाट बंद कधीच होत नाही," वैजू म्हणाली.

"नाही होत."

"कागदावर."

तिनं तो कागद घडी करून उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं, तुमच्या सासूबाईंना उसवायची गरज नव्हती. एक फांदी त्यांनी मागे सोडली असणार, बाकी काही नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या ओढत. तो पार लांब जाईपर्यंत काकूंनी वाट बघितली.

"मग मी इतकी वर्षं उगंच भीत होते म्हण की," त्या म्हणाल्या. "असू दे. तू परत मात्र येऊ नकोस. मी सांगीन तेव्हा."

संक्रांतीनंतर मला कोल्हापूरला जावं लागलं. विद्यापीठातून मूळ प्रमाणपत्र हातोहात घ्यायचं होतं. शेजारच्या शिंत्रेवहिनींनी डबा द्यायचं कबूल केलं, भाऊजींनी शिफ्ट बदलून घेतली. मी प्रमाणपत्र घेतलं, आईकडे गेले, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी उशिरा उठले तेव्हा आई म्हणाली, "मेल्यासारखी झोपली होतीस. दोनदा नाकाशी हात धरून बघितला मी." मी प्रमाणपत्र तिच्याकडेच ठेवून दुपारची एस.टी. पकडली.

जिना चढून वर आले तर काकू दारातच बसलेल्या. आत नाही, बाहेर नाही, उंबऱ्याला टेकून.

"काय झालं, काकू? वैजू?"

"बरी हाय. हळू बोल."

त्यांनी मला हात धरून खाली बसवलं.

"काल तू गेलीस नि मी म्हटलं, एक फांदी माझी मी घालावी. सुई पडली हातनं. फरशीवर हात फिरवला, घावंना. घरात सुई पडलेली बरी न्हवं. बसू बाहेर गेलता. शिंत्रेबाईला हाक मारली, ती नव्हती. मग दोनदा मारली जोरात." त्या थांबल्या. "ती उठून आली."

"वैजू? गॅलरीपर्यंत?"

"भिंत धरून. मी नको नको म्हणेपर्यंत खाली बसली, सुई हुडकली, माझ्या हातात दिली. आणि कापड बघितलं. बघतच बसली. मग ते घेऊन आत गेली. कालपासनं माझ्याशी एक शब्द नाही. मी ताट ठेवते, ती खाते. बसूला पण काही सांगितलं नाही तिनं."

"दुखतंय का तिला काही? डॉक्टरीणबाईंना..."

"बसूला मी सांगितलं, ती उठली एवढंच. फोन केलता त्यानं. पडून राहू दे म्हणाल्या, टाका धरून असंल. पण ऊर्मिला, ते कापड आण माझं. तू माग. तुला देईल."

मी आत गेले. वैजू उताणी होती, मानेखाली दोन उशा. उंचावलेल्या पायांवर चादर. पोटावर, म्हणजे पोटाचाच टेबलासारखा आधार घेऊन, तिनं ते काळं कापड पसरलं होतं आणि ती टाके घालत होती. हळू, अडाणी हातानं, जीभ दातांत धरून. उशीवर तो घडीचा कागद उघडा पडला होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. वृंदावन पूर्ण झालं होतं. दोन मोर पूर्ण झाले होते. तुटक रेघा सलग झाल्या होत्या आणि काळ्यावर ते पांढरं चित्र एकदम जवळ आल्यासारखं दिसत होतं. ती परतीचे टाके घालत होती.

"वैजू, काकू मागतायत ते."

"माहितीय."

"तू उठलीस कशाला काल?"

"सुई पडली होती." तिनं दोरा ओढला. "तुला माहिती होतं का गं हे काय आहे?"

"नमुना आहे. हात चालता राहावा म्हणून..."

"एम.एस्सी.," वैजू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती. तिनं सुई कापडात खोचली, पट्टा त्या मधल्या मोकळ्या ओळीवर दुमडला आणि आपल्या उभ्या मुठीवर ठेवला. एक बाजू मुठीच्या इकडून खाली आली, एक तिकडून. मागची कड तिनं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरली.

सगळे मोर सरळ उभे राहिले.

ती कुंची होती. मुठीच्या जागी डोकं असतं तर मागून मानेपर्यंत आली असती.

"जुन्या साडीची, म्हणजे नवं कापड नाही," वैजू म्हणाली. "आणि अर्धे टाके, म्हणजे शिवलेलं नाही. आधी काही शिवायचं नसतं ना? मग असं. जायचं घालून ठेवायचं, यायचं नंतर. देवाला फसवतात माझ्या सासूबाई. आणि तो फसतोय असं त्यांना वाटतं."

मी तिच्या पायाशी बसले.

"मागच्या वेळी मी म्हटलं होतं त्यांना," ती पुढे म्हणाली. "एक साधं टोपडं तरी शिवू या. नको म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं, सगळीकडं तसंच असतं. ते चार तास होतं, ऊर्मी. तुला कोणी सांगितलं नसेल. रडलं होतं. मग त्यांनी मामंजींच्या धोतराचा तुकडा आणला आणि त्यात गुंडाळलं. धोतर तसंच गेलं त्याच्याबरोबर. त्याचं त्याचं असं काही नव्हतं. नाव नाही. टोपडं नाही."

तिनं कुंची मुठीवरून उतरवली आणि पुन्हा पोटावर पसरली.

"नंतर, नंतर. आल्यावर. आलं म्हणजे काय असतं गं? इतके महिने लाथा मारतंय मला. रात्रंदिवस इथंच तर आहे. आणि किती यायचं त्यानं?"

दाराशी चाहूल लागली. काकू चौकटीला हात लावून उभ्या होत्या. किती वेळ, ते माहीत नाही. घरात त्यांना वाट दिसायची नाही, पण पायांना पाठ होती. त्या सरळ खाटेपाशी आल्या.

"वैजू, किती घातलंयस?"

"दोन मोर, वृंदावन. हत्ती होत आलाय."

"उसव."

"नाही."

"उसव बाई. ऐक माझं. हंगाम संपू दे, मी स्वतः बसून घालीन सगळं. डोळे नसले तरी घालीन. आता उसव."

"आई, नाही उसवणार मी."

वैजू लग्न होऊन त्या घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ती काकूंना सरळ नाही म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. काकूंनीही नसावं. त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. खाट कललेली असल्यामुळे त्या किंचित वैजूच्या उशाकडे सरकल्या आणि तिथेच राहिल्या.

"मी तुला तेव्हा नको म्हणाले, ते बरोबरच होतं," काकू म्हणाल्या.

"हो."

"सगळ्या तसंच करतात."

"हो, आई."

"पण मग घरी आले आणि दुसऱ्या दिवशी चंद्रकळा काढली. तेव्हापासनं आहे हे. दोन वर्षं. बसूला पण माहीत नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वैजूनं डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं. उताराची खाट, पाणीसुद्धा उलटंच वाहायचं. तिनं ते पुसलं नाही.

"आण इकडं," काकू म्हणाल्या.

वैजूनं कापड सोडलं नाही.

"उसवत नाही. हात लावून बघते नुसता. दिसतंय कुठं मला."

तिनं दिलं. काकूंनी ते मांडीवर उलटं घातलं आणि उजव्या हाताची बोटं त्यावरून फिरवायला लागल्या, एका मोरापासून दुसऱ्या मोराकडे, वृंदावनाच्या पायऱ्यांवरून वर. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, आता त्या कापड घेऊन उठतील आणि डब्यामागे ठेवतील, आणि पुन्हा सगळं हंगाम संपेपर्यंत तसंच राहील. वैजूही तेच समजून छताकडे बघत होती. तिचा एक हात पोटावर होता.

त्या कुंचीचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. हंगाम संपायच्या जरा आधी, ठरल्या तारखेच्याही आधी, वैजूला मुलगी झाली. एवढीशी, पण ओरडणारी. कुंची तिला इतकी मोठी झाली की नाकापर्यंत यायची आणि बारशाला आलेल्या बायकांना तोंड बघायला ती वर सारावी लागायची. काळी कशाला, असं एकदोघींनी विचारलं. दृष्ट लागत नाही, असं काकूंनी ठोकून दिलं. पुढे त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनी ती उजेडात नेऊन पहिल्यांदा नीट पाहिली आणि मला फोन केला. "हा डावीकडचा मोर आहे का कोंबडी?" तो मी घातलेला होता. मी तेव्हा बेंगळुरूला होते, प्रयोगशाळेत, आणि माझ्या हातात रोज एक आकडा येत होता.

पण कुंची म्हटलं की मला ती मुलीच्या डोक्यावरची आठवत नाही. काकूंच्या मांडीवर उलटी पडलेली आठवते, त्या कलत्या खाटेवर.

काकूंची बोटं हत्तीच्या पाठीपाशी थांबली. मागे गेली. पुन्हा तिथेच आली.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी," वैजू म्हणाली. "दोरा तुटला. नवा जोडला."

"गाठ मारायची नसती. ऊर्मिलानं सांगितलं नाही?"

कागदावर गाठी नसतात. ते मी कसं सांगणार होते?

"राहू दे ना, आई," वैजू म्हणाली. "उलट्या बाजूला आहे. कोण बघतंय?"

"बघतंय कोण म्हणून न्हवं." काकूंनी तिचा हात शोधला, ओढून घेतला आणि तिचं बोट त्या गाठीवर नेऊन ठेवलं. "बाळाचं डोकं यायलंय इथं. टोचंल त्याला."

वैजूचं बोट तिथेच राहिलं. मग तिनं कापड आपल्याकडे ओढलं, डोळ्यांजवळ धरलं, आणि नखानं ती गाठ उकलायला लागली.